टेंडर द्यावा की ठेवावा?

इकडे पिकअप ट्रकला सारेच ‘टेंडर’ म्हणतात. आमच्या दिमोनाच्या घरी तो चौदा वर्षे आहे. विजेच्या कामांसाठी घेतला होता. ती कामे मी थांबवून दोन वर्षे झाली. आता चिरंजीवांचा आग्रह आहे की तो देऊन, वर रक्कम भरून, एसयूव्ही घ्यावी.

त्यांचे म्हणणे निराधार नाही. टेंडरच्या मागील चाकांवरचे पाटे भारासाठीच घडविलेले असतात. गाडी रिकामी असली की ती खड्ड्याखड्ड्याला उडते, आणि बेर-शेवापर्यंतच्या सुमारे ३५ किलोमीटरांत आमच्या कुटुंबाच्या कंबरेची काय दशा होते ते त्यांनाच ठाऊक. बसावयास जागा तिघांनाच. नातवंडे घरी राहतात.

परंतु मलिद्याचे पोहे, नारळ, प्रार्थनामंदिराच्या खुर्च्या, शेजाऱ्यांचा फ्रिज, सारे आजवर टेंडरनेच वाहिले. उभा फ्रिज बंद गाडीत मावावयाचा नाही. अश्दोदहून आणलेल्या मासळीचा वास उघड्या हौद्यातून वाऱ्यावर जातो. बंद गाडीत तो शब्बाथभर मुक्काम करील!

अखेर गतवर्षाची रोजनिशी काढली. जड ओझे नऊ वेळा नेले होते. माणसे मात्र जवळजवळ रोज. हिशेब चिरंजीवांच्या बाजूने पडला, हे कबूल करताना मन जड झाले. एसयूव्ही घेण्याचे ठरले आहे. माझी अट एवढीच की मागे ट्रेलर जोडावयाचा आकडा बसवून घ्यावा. पुढच्या मलिद्याचे नारळ कोण आणणार, असे शेजारी आताच विचारू लागले आहेत.