घरचा संगणक : ‘सी’ नसले म्हणून बिघडत नाही

एव्हरशाईन सिटीतल्या आपल्या घरांतही संगणक आला आहे. कुणाकडे जुना, कुणाकडे हप्त्यावरचा. मुलांचा अभ्यास, जातीच्या दाखल्याची प्रत, शिष्यवृत्तीचे कागद, सारे त्यातच. म्हणून ही सूचना.

विंडोज ‘सी’ऐवजी ‘डी’वर दिसते, ते ‘सी’ करू का, असे मुले विचारतात. उत्तर एकच : करू नका. १९८१ च्या आयबीएम पीसीत ‘ए’ आणि ‘बी’ ही अक्षरे फ्लॉपीची होती. १९८३ च्या एक्सटीत हार्डडिस्क आली, ती ‘सी’ झाली. एवढाच त्या अक्षराचा मान! पण विंडोज आणि प्रोग्राम यांचे पत्ते रजिस्ट्री नावाच्या नोंदवहीत त्याच अक्षराने लिहिलेले असतात. खोलीचा नंबर बदलावा आणि रेशनकार्ड, लाइटबिल जुन्याच नंबरावर राहावे, तसा गोंधळ होतो. संगणक सुरूही होणार नाही. म्हणूनच विंडोजमधले डिस्क मॅनेजमेंट हे अक्षर बदलू देत नाही. कोणी रजिस्ट्रीत फेरफार करून देतो म्हणाला, तर नको म्हणा.

‘सी’च हवे असेल तर आधी सर्व कागद पेनड्राइव्हवर घ्या, दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. मग इन्स्टॉलेशनच्या वेगळ्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून विंडोज नव्याने टाका. सहसा ‘सी’ मिळते. नुसत्या फायली ठेवलेल्या भागाचे अक्षर मात्र खुशाल बदला.

अक्षर कोणतेही असो, दाखल्याची दुसरी प्रत घरात असलीच पाहिजे.