कातळाचा थकवा

प्रयोगशाळेत बेसॉल्टचे दंडगोल नमुने (कोअर) दाबून फोडणं हे माझं नोकरीभरचं काम. अहवालात शेवटी एकच आकडा जातो: किती दाबाला दगड फुटला. तेवढ्यावर माझा भरवसा नाही. त्याच्या पाऊणपट दाबाखाली तोच दगड हजारो वेळा दाबला-सोडला, तरी फुटू शकतो. कणांच्या सीमांवर, जुन्या भेगांच्या टोकांशी बारीक चिरा पडतात. त्या बहुधा दाबाच्याच दिशेने उभ्या वाढतात आणि दाब काढला तरी पुरत्या मिटत नाहीत. संवेदक लावले तर चिरा पडतानाची टिकटिक टिपता येते. गंमत म्हणजे दगडाला स्मरण असतं! आधी सोसलेल्या कमाल दाबापर्यंत तो जवळजवळ गप्प, पुढे गेलात की बोलू लागतो. जोसेफ कायझर यांनी १९५० मध्ये धातूंत हे दाखवलं होतं. नुकसान साचलं की मात्र दगड त्या कमाल दाबाआधीच कुरकुरतो. ही खूण मला त्या आकड्याहून मोलाची वाटते.

घाटघरसारख्या उदंचन जलविद्युत प्रकल्पात पाणी खाली सोडतात, पुन्हा वर चढवतात. जलबोगद्यांतला दाब सतत बदलतो, म्हणजे भोवतालचा कातळही असाच दाबला-सोडला जातो. सह्याद्रीत असे आणखी प्रकल्प येताहेत. त्यांच्या निविदांत आवर्ती दाबाची चाचणी सक्तीची हवी. ती वेळखाऊ आहे, खर्चिकही. कंत्राटदार नाकं मुरडतील; मुरडू देत.