पुढचं चाक जाड करताना

दसरा-दिवाळी जवळ आली की वाचकांकडून एक प्रश्न हमखास येतो : अ‍ॅव्हेंजर क्रूझच्या पुढे स्पोकचं रुंद चाक बसेल का? विचारणाऱ्यांचं मन मला कळतं. 220 सीसीच्या या गाडीला मागे 130/90-15 चा भरदार टायर आहे आणि पुढे 90/90-17 चा. उंच हँडल, लांब शॉकअप आणि त्यांच्या टोकाला किरकोळ अंगाचं चाक. नजरेला खटकतं खरं. बसेल का, तर बसेल. पण गाडी वळवण्याचं आणि रोखण्याचं मोठं काम पुढचं चाकच करतं. म्हणून ‘बसलं की झालं’ म्हणून गिऱ्हाईक मोकळं करणाऱ्या गॅरेजवाल्यांशी माझं भांडण आहे.

जाड पुढच्या चाकाचं हे रूप लोकांच्या मनात ठसवलं हार्ले-डेव्हिडसनने. 1949 च्या हायड्रा-ग्लाइडला पुढे स्पोकचं 16 इंची चाक आणि 5 इंची टायर होता. तो कोणी नंतर घुसवलेला नव्हता. शॉकअपच्या दोन नळ्यांमधलं अंतर, मडगार्ड, एक्सल, सगळं त्या चाकाच्या मापाने घडवलेलं होतं. आपण करतो ते उलट. गाडी घडून गेलेली असते आणि चाक मागाहून येतं.

हार्लेवालेही हे करतातच. मूळचं 21 इंची अरुंद चाक काढून त्याच व्यासाची साडेतीन इंची रिंग चढवायची आणि 80/90-21 च्या जागी 120/70-21 टायर घालायचा. कागदावर दोन्ही 21 इंची. प्रत्यक्षात टायरची उंची धरून हिशेब केला तर चाकाचा व्यास 24 मिलिमीटरने वाढतो, म्हणजे गाडीचं तोंड 12 मिलिमीटर वर जातं. हँडल ज्या दांड्यावर फिरतं, त्याची रेष खाली वाढवली तर ती टायर टेकतो त्याच्या थोडी पुढे जमिनीला भिडते. या दोन बिंदूंतलं अंतर म्हणजे ट्रेल. क्रूझरचा शॉकअप आडवा कललेला असतो. तो 30 अंशांचा धरला तर एवढ्याने ट्रेल सुमारे 7 मिलिमीटरने वाढतो, आणि तोंड वर गेल्यामुळे आणखी थोडा. सरळ रस्त्यावर गाडी जास्त ठाम वाटते आणि मालक खूश होतो. पण गर्दीत सावकाश वळताना हँडल जड येतं.

घाटात दुसरीच गोष्ट कळते. गाडी कलली की रुंद टायर मधल्या रेषेपासून जास्त बाजूला टेकतो, म्हणून त्याच वळणाला, त्याच वेगात गाडी थोडी जास्त कलवावी लागते. क्रूझर मुळात बुटकी. तिचे फुटरेस्ट आधीच रस्त्याला घासायला टपलेले असतात. ताम्हिणीत अशी गाडी वळवताना हाताला जो विरोध जाणवतो, तो सवयीने जाईल असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

आता रिंग. टायर आणि रिंग यांची जोडी ठरलेली असते : 90 च्या टायरला 2.15 इंची रिंग, 110 ला अडीच इंची, 130 ला तीन इंची, साधारण असा हिशेब. अरुंद रिंगवर जाड टायर दाबून बसवला की त्याच्या कडा आत आवळल्या जातात, माथा गोल फुगतो आणि ज्या रुंदीसाठी पैसे मोजले तीच कमी होते. म्हणजे रिंग बदलणं आलं, आणि तिथेच खरं कसब लागतं. रिंगची भोकं सरळ पाडलेली नसतात. स्पोक ज्या कोनात हबकडे जाणार, त्या कोनात ती कललेली असतात. दुसऱ्या हबसाठी भोकं पाडलेली रिंग आणली तर स्पोक निपलपाशी वाकतो, आणि काही महिन्यांनी तिथेच तुटतो.

पुण्यात नाना पेठेत चाक बांधणारे जुने कारागीर पाहिलेत मी. चाक स्टँडवर फिरत असतं, खडूचा तुकडा रिंगजवळ धरलेला, आणि जिथे खडू लागेल तिथला निपल पाव फेरा आवळायचा, समोरचा तेवढाच सैल करायचा. याला आउट काढणं म्हणतात. एकेका स्पोकवर पाना मारून आवाज ऐकतात. बद्द वाजला की तो ढिला. निपलच्या बाहेर आलेलं स्पोकचं टोक कानशीने घासून सपाट केल्याशिवाय रिंगपट्टी चढवत नाहीत, कारण तेच टोक पुढे ट्यूबमध्ये घुसतं. डिस्क एकाच बाजूला असली की हबचा मध्य आणि शॉकअपचा मध्य वेगळे असतात; रिंग शॉकअपच्या मध्याला जुळवायची असते. अलॉय आल्यापासून हे काम जाणणारे हात कमी झालेत. त्यांची मजुरी घासाघीस करून कमी करणाऱ्याने रुंद चाकाच्या नादी लागू नये.

चाक चढवल्यावर एक तपासणी कोणीच करत नाही आणि ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. शॉकअपमधली स्प्रिंग काढून तो पूर्ण खाली दाबून बघायचा. गाडी उभी असताना बोटभर दिसणारी जागा खड्ड्यात ब्रेक लागला की नाहीशी होते. मडगार्डच्या आतल्या बोल्टचं डोकं, खालची टी, ब्रेकची नळी, यांपैकी काहीही टायरला लागता कामा नये. पावसाळ्यातल्या चिखलालाही जागा हवी.

कायद्याचंही भान ठेवा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्याबद्दलच आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला मालकाला 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून माझी मागणी कंपन्यांकडे आहे. सीट, काच, गार्ड तुम्ही विकता. तसं स्वतः चाचणी घेतलेलं रुंद स्पोकचं चाक, जुळत्या मडगार्डसकट, का देत नाही? मागणी आहे म्हणून तर लोक कुठेही जाऊन काहीही बसवून घेतात.

तोवर अ‍ॅव्हेंजरवाल्यांना माझं उत्तर असं. पुढे 130 नको. 100/80-17 चा टायर घ्या. तो मूळ टायरपेक्षा 10 मिलिमीटरने रुंद आहे आणि हिशेबाने त्याचा व्यास अवघा 2 मिलिमीटर कमी भरतो, त्यामुळे ट्रेल, मीटर, एबीएस कशालाच धक्का लागत नाही. आधी रिंगवर कोरलेला आकडा वाचा. 2.15 असेल तर तीच रिंग चालेल, 1.85 असेल तर नवी बांधून घ्या. मडगार्डच्या आत जागा किती उरते ते शॉकअप दाबून बघा आणि पहिल्या 500 किलोमीटरनंतर स्पोक पुन्हा आवळून घ्या.