पोलीस भरती झाली. पण तक्रार लिहायला कोण शिकवणार?

पहाटे मैदानावर पोलीस भरतीचा सराव करणाऱ्यांत आपल्या वस्त्यांतली मुले-मुली कमी नाहीत. मैदानी चाचणी ५० गुणांची, लेखी परीक्षा १०० गुणांची. मुलांना १६०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक. लेखीत गणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान. निवड झाली की प्रशिक्षण केंद्रात काही महिने कवायत, हत्यारे आणि कायद्याचे तास.

रमाबाई नगरचा १९९७ चा गोळीबार असो की २०२४ चे परभणी, चर्चा होते ती वरिष्ठांच्या आदेशांची. ती व्हायलाच हवी. पण रोजचा न्याय-अन्याय ठरतो तो ठाण्याच्या टेबलावर.

समजा, रात्री अकरा वाजता एक शेतमजूर बाई ठाण्यात येते. बांधावर सर्वांदेखत जातीवरून शिवीगाळ आणि मारहाण झाली, असे सांगते. टेबलावर नवा शिपाई आहे, शेजारी वीस वर्षे नोकरी झालेले हवालदार. ते म्हणतात, "एनसी घे, बाकी उद्या बघू." शिपाई काय करील?

कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. २६ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ४ मध्ये कर्तव्ये नेमकी लिहिली: तोंडी तक्रार लिहून घेणे, सहीपूर्वी वाचून दाखवणे, योग्य कलमांखाली गुन्हा नोंदवणे, प्रत लगेच देणे. जाणूनबुजून टाळाटाळ करणाऱ्या, अनुसूचित जाती-जमातीबाहेरील लोकसेवकाला सहा महिने ते एक वर्ष शिक्षा आहे. २०१८ च्या कलम १८अ नुसार गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये हे कलम कायम ठेवले.

म्हणजे कमतरता कायद्यात नाही, सरावात आहे. कलम पाठ असणे वेगळे आणि हवालदारासमोर "साहेब, एफआयआरच घ्यावा लागेल" म्हणणे वेगळे. बंदूक चालवायला हातात बंदूक देऊनच शिकवतात. मग तक्रार लिहिणे फक्त व्याख्यानातून कसे येईल?

म्हणून प्रशिक्षणात असे प्रसंग उभे करून प्रत्येक शिपायाकडून तक्रार लिहून घ्यावी, वाचून दाखवायला लावावी आणि त्यावर गुण द्यावेत. विशेष न्यायालयात खटले चालवणारे वकील आणि वस्तीतले कार्यकर्ते यांनी त्या तक्रारींतल्या चुका दाखवाव्यात. नव्या शिपायाला पहिले काही महिने ज्याच्या हाताखाली ठेवायचे, तो हवालदारही पारखून निवडावा. नाहीतर केंद्रात शिकलेले ठाण्यात महिन्याभरात पुसले जाते. आपला मुलगा किंवा मुलगी गणवेशात असली तरी हा दबाव त्यांच्यावरही असतोच. उलट "जातवाल्यांची बाजू घेतो" हा टोमणा त्यांनाच आधी ऐकावा लागतो.

आपल्या हातात काय आहे? १९९५ च्या नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा दक्षता व सनियंत्रण समितीची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा व्हायला हवी. पोलीस अधीक्षक तिचे सदस्य असतात. पुढच्या बैठकीपूर्वी समितीच्या सदस्यांना लेखी निवेदन द्या आणि एकच प्रश्न विचारा: यंदा जिल्ह्यात रुजू झालेल्या किती शिपायांनी प्रशिक्षणात अ‍ॅट्रॉसिटीची तक्रार स्वतःच्या हाताने लिहिली? उत्तर आकड्यात मागा.