धोकादायक केल्या कोणी?

‘जुन्या इमारतींचे लाड पुरेत’ हे पत्र वाचले. पत्रलेखकांना काळा घोड्याचे वॉटसन हॉटेल नुसता सांगाडा वाटते. अहो, बिडाचा तो सांगाडा हेच तर त्याचे वैशिष्ट्य! त्याचे भाग इंग्लंडमध्ये ओतून इथे आणून जोडले. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे मुंबईकरांनी पाहिली ती इथेच. २००५ मध्ये त्याचा काही भाग कोसळला, हे खरे.

पण अशा इमारती एका पावसात धोकादायक होत नाहीत. १९४७च्या कायद्याने भाडी गोठली, मालकांनी हात आखडता घेतला, भिंतीत रुजलेला पिंपळ उपटायला कोणी फिरकले नाही. त्यात चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा! ओल आत कोंडते, पोपडे सुटतात.

राणीच्या बागेतले भाऊ दाजी लाड संग्रहालयही मोडकळीला आले होते. त्याच्या दुरुस्तीसाठी महापालिका, वारसा जपणारी इंटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान एकत्र आले. २००८ मध्ये ते पुन्हा खुले झाले. तिथे भाडेकरूंचा गुंता नव्हता, हे मान्य. म्हणूनच १९९५च्या वारसा नियमावलीला दुरुस्तीच्या पैशांची जोड हवी. नुसता वारसा दर्जा देऊन छप्पर गळायचे थांबत नाही.

– एक वाचक, गिरगाव