नाचणाऱ्या बाईला काय कळतंय?

दिवाळीत हिंगोलीला घरी गेलो होतो. पुण्याहून रात्रीची ट्रॅव्हल्स, सकाळी घर, दुपारी वसमतकडे मामाच्या गावाला. जेवणं झाली, सुपारी कातरून झाली आणि टीव्हीवर 'रंगीला' लागला. मामा म्हणाला, "ही बाई उभी राहिली होती ना रे मुंबईत खासदारकीला? आपटली. आता नाचणाऱ्या बाईला काय कळतंय राजकारणातलं, तूच सांग!"

खेड्यातला जुना माणूस म्हणून मी सोडून दिलं असतं. पण हेच वाक्य २०१९ मध्ये मी हिंजवडीच्या कँटीनमध्येही ऐकलं होतं. तिथे 'नाचणारी बाई' नव्हतं, 'सीरियस कँडिडेट नाही रे' होतं. माल तोच, पॅकिंग वेगळं. तेव्हा मीही सँडविच खात मान डोलावली होती. आजचा लेख त्या मान डोलावण्याची भरपाई समजा.

आधी 'आपटली'चं बघू. आपण आकड्यांची माणसं, तर आकडेच काढू.

ऊर्मिला मातोंडकर काँग्रेसमध्ये गेली २७ मार्च २०१९ ला. उत्तर मुंबईत मतदान झालं २९ एप्रिलला. म्हणजे राजकारणाचा एकूण अनुभव ३३ दिवस. मतं पडली सुमारे २ लाख ४१ हजार आणि भाजपच्या गोपाळ शेट्टींनी तिला साधारण ४ लाख ६५ हजारांनी हरवलं. दणदणीत पराभव, वादच नाही.

आता त्याच मतदारसंघातला २०१४ चा निकाल. काँग्रेसचा उमेदवार संजय निरुपम. हा नवखा गडी नव्हे, तिथलाच विद्यमान खासदार. त्याआधी राज्यसभाही बघून आलेला. समोर तेच गोपाळ शेट्टी. निरुपमांना मिळाली सुमारे २ लाख १७ हजार मतं आणि ते पडले साधारण ४ लाख ४६ हजारांनी.

परत वाचा. पाच वर्षं खासदार असलेल्या मुरलेल्या राजकारण्यापेक्षा ३३ दिवसांच्या नटीला जवळपास २४ हजार मतं जास्त मिळाली. शिवाय २०१९ ला निरुपम स्वतः शेजारच्या वायव्य मुंबईत उभे राहायला गेले. (तिथेही पडले, ते सोडा.) जी जागा अनुभवी माणसाने सोडली ती पक्षाने नटीच्या पदरात टाकली आणि ती पडल्यावर आपण म्हणालो, बघा, नट्यांना राजकारण जमत नाही. कोडमध्ये आधीपासून असलेला बग नव्या जॉइन झालेल्या पोरीच्या नावावर फोडायचा, तसलाच प्रकार.

यावर कँटीनमधला मित्र लगेच गोविंदाचं नाव काढतो. बरोबर आहे. हाच मतदारसंघ, २००४. गोविंदाने राम नाईकांसारख्या दिग्गजाला पाडलं आणि मग 'खासदार दिसले का?' असं लोक विचारत बसले. २००९ ला तो उभाच राहिला नाही. पण पुढे काय झालं बघा. मार्च २०२४ मध्ये शिंदेंच्या शिवसेनेने त्याच गोविंदाला वाजतगाजत पक्षात घेतलं आणि प्रचाराला फिरवलं. 'नाचणाऱ्या माणसाला काय कळतंय' असं मामा तेव्हा म्हणाला नव्हता. गोविंदा तर ऊर्मिलापेक्षा जास्त नाचलाय हो :)

एक गोष्ट लक्षात आली का? शेट्टींना, निरुपमांना मी 'ते' लिहितोय आणि ऊर्मिलाला 'ती'. सवय! सिनेमावाल्यांना आपण सगळेच अरेतुरे करतो हे खरं, पण निवडणुकीला उभं राहिल्यावर गोविंदाचेही 'गोविंदाजी' होतात. तर इथून पुढे 'त्या'.

या बाईंचं काम तरी काय होतं? 'मासूम' (१९८३) मधली छोटी मुलगी, 'रंगीला' (१९९५), 'सत्या' (१९९८). 'पिंजर' (२००३) मध्ये फाळणीच्या सुमारास पळवून नेलेली आणि घरच्यांनी दार बंद केलेली मुलगी. 'मैंने गांधी को नहीं मारा' (२००५) मध्ये स्मृती हरवत चाललेल्या बापाला सांभाळणारी लेक. मराठीत 'आजोबा' (२०१४). हिंदी सिनेमात मराठी पोरीने स्वतःच्या हिमतीवर वीस-पंचवीस वर्षं टिकणं हे राजकारणापेक्षा सोपं असतं असं ज्याला वाटतं, त्याने एकदा करून दाखवावं.

आणि मोबदला काय मिळाला? २०१९ च्या प्रचारात चर्चा मतदारसंघाच्या प्रश्नांपेक्षा त्यांच्या नवऱ्याच्या धर्माची. सप्टेंबर २०२० मध्ये कंगना राणावतने टीव्हीवर त्यांची संभावना 'सॉफ्ट पॉर्न स्टार' अशी केली. तीच कंगना २०२४ ला मंडीतून खासदार झाली. म्हणजे नटीला कमी लेखायचं काम दुसऱ्या नटीकडूनही करून घेता येतं.

पक्षाच्या आतली गोष्ट तर आणखी भारी. निकालाच्या आधीच, मे महिन्यात, त्यांनी मुंबई काँग्रेसच्या अध्यक्षांना पत्र लिहून प्रचारात स्थानिक पातळीवर काय काय कच्चं राहिलं ते कळवलं. ते गोपनीय पत्र फुटलं. ज्यांच्याबद्दल तक्रार होती त्यांच्यातल्या काहींना उलट पदं मिळाली, असं सांगून त्यांनी १० सप्टेंबर २०१९ ला राजीनामा दिला. 'बघा, सहा महिन्यात पळाली' म्हणणारे भरपूर होते. पत्र फोडणारा कोण, हे विचारणारे किती?

आता माझा खरा मुद्दा. आणि तो फिरून आमच्या हिंगोलीत येतो.

विधान परिषदेत राज्यपालनियुक्त १२ जागा असतात. साहित्य, विज्ञान, कला, सहकार, समाजसेवा या क्षेत्रांतल्या लोकांसाठी. गदिमा, ना. धों. महानोर याच दाराने सभागृहात गेले. नोव्हेंबर २०२० मध्ये आघाडी सरकारने १२ नावं पाठवली. त्यात शिवसेनेकडून ऊर्मिला मातोंडकर आणि राष्ट्रवादीकडून गायक आनंद शिंदे होते. (एकनाथ खडसेही होते, म्हणजे आघाडीवालेही धुतल्या तांदळाचे नाहीत.) राज्यपाल कोश्यारींनी त्या यादीवर ना हो म्हटलं, ना नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने वाजवी वेळेत निर्णय घेणं हे राज्यपालांचं कर्तव्य असल्याचं म्हटलं, तरी यादी तशीच पडून राहिली. शेवटी सरकार बदललं आणि सप्टेंबर २०२२ मध्ये यादीच मागे घेतली गेली.

मग १५ ऑक्टोबर २०२४ ला, ज्या दिवशी विधानसभा निवडणूक जाहीर झाली त्याच दिवशी, सात जणांचा शपथविधी झाला. त्यात छगन भुजबळांचे चिरंजीव पंकज भुजबळ होते आणि आमचे हिंगोलीचे माजी खासदार हेमंत पाटीलही होते. २०२४ ला पाटलांची लोकसभेची उमेदवारी जाहीर होऊन कापली गेली. पत्नीला यवतमाळ-वाशिममधून तिकीट मिळालं, त्या पडल्या. मग आमदारकी मिळाली. पाटलांचं सहकारात काम आहे, हळद संशोधन केंद्रासाठीही ते झटलेत, हे हिंगोलीकर म्हणून मी मान्य करतो. त्या माणसाशी माझं भांडण नाही. पण ज्या दारावर 'कलावंतांसाठी' असंही लिहिलंय, त्या दारातून नेते गेले, नेत्याचा मुलगा गेला आणि उभं आयुष्य कलेत घालवलेली बाई जवळपास दोन वर्षं बाहेर ताटकळून परत गेली. तरी उपरी कोण? तीच!

ऊर्मिलाबाईंचं सगळंच बरोबर असं मी म्हणत नाही. १ डिसेंबर २०२० ला शिवबंधन बांधल्यावर त्यांनी गल्लोगल्ली फिरून संघटना बांधली असं काही दिसलं नाही. २०२४ ला त्या लोकसभेला उभ्या नव्हत्या आणि विधानसभेलाही नव्हत्या. यावर टीका करा, जरूर करा. पण ती कामावर होऊ दे. आणि तोच चष्मा लावून नेत्याच्या पोराकडेही बघा. त्याला 'काय कळतंय' असं आपण कधी विचारतो? त्याला 'वारसा' असतो. म्हणजे बापाच्या गाडीत बसून फिरणं हा अनुभव आणि वयाच्या सातव्या-आठव्या वर्षापासून कॅमेऱ्यासमोर राबणं हा नाच.

असो. मामाला मी एवढं सगळं सांगितलं नाही. एकच विचारलं, "मामा, मामी पाच वर्षं सरपंच होती, तेव्हा ग्रामसभेला कोण बसायचं?"

मामा म्हणाला, "मीच बसायचो. तिला काय कळतंय त्यातलं?"

मामी चहा घेऊन आली होती. कप ठेवता ठेवता म्हणाली, "कळू दिलं असतं तर कळलं असतं."

मामाने रिमोट उचलून चॅनल बदललं.