सोसायटीच्या आवारात पेरू हवा

पिंपळे सौदागरमधल्या एखाद्या मोठ्या सोसायटीत फेरफटका मारला की पुढच्या चार सोसायट्यांत काय लावलं असेल ते न बघताही सांगता येतं. फाटकापाशी पाम, भिंतीलगत सरळसोट उभा हिरवा अशोक, मधे कुठे सप्तपर्णी आणि कडेनं कातरलेलं दुरंटाचं कुंपण. सगळं हिरवंगार, नीटनेटकं. तोंडात टाकण्याजोगं मात्र काहीच नाही. कोकणे चौकापासून कुणाल आयकॉन रस्त्यापर्यंत जिथे आज बारा-चौदा मजली इमारती आहेत, तिथे एका पिढीपूर्वी शेतं होती, हे नव्या रहिवाशाला सांगावं लागतं.

जागा नाही, असं म्हणायची सोय नाही. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या भूखंडाचा विकास करताना १० टक्के जागा मोकळी ठेवावीच लागते. त्या जागेत काय लावायचं, हे पुढे सोसायटीची कमिटी आणि बागेचं कंत्राट घेणारा माळी मिळून ठरवतात. तिथे फळझाडाचं नाव काढलं की आक्षेप ठरलेले असतात. मुलं दगड मारतील, वटवाघळं येतील, फळमाशी होईल, आणि एकदम एवढी फळं पिकली तर खाणार कोण?

पहिले तीन आक्षेप खरे असले तरी किरकोळ आहेत. चौथा खरा अडसर आहे, आणि त्याचं उत्तर बागेत नसून गॅसच्या शेगडीवर आहे.

पेरूचंच घ्या. या भागाला त्याच्यासाठी लांब जायला नको. औंध ओलांडलं की गणेशखिंड. तिथली १८७३ साली सुरू झालेली बाग आज राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आहे. २०२० मध्ये राज्य सरकारनं तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला. याच गणेशखिंडीत १९२७ मध्ये फलोद्यानतज्ज्ञ डॉ. चीमा यांनी लखनौहून आणलेल्या अलाहाबाद सफेदाच्या रोपांतून एक वाण निवडला. लखनौ-४९ किंवा एल-४९, म्हणजेच आपला ‘सरदार’ पेरू. झाड बुटकं आणि पसरट, फळ मोठं, गर पांढरा. भारतभर लागवड झालेला हा पेरू पुण्याच्या वेशीवर निवडला गेला, आणि त्याच पुण्याच्या उपनगरांत तो गाड्यावर तिखट-मीठ लावून, विकतच खायचा. यात काहीतरी चुकतंय.

मराठी स्वयंपाकघराला पेरू परका नाही. पेरूची कोशिंबीर होते, दाण्याचं कूट आणि गूळ घालून पंचामृत होतं, भाजी होते. पण हे सगळं त्या दिवसापुरतं. बरणीत गेले ते आवळा, कैरी आणि लिंबू. पेरूला बरणीची वाट गोव्यानं दाखवली, आणि तीही उसनवारीनं.

पोर्तुगालमध्ये क्विन्स नावाचं एक फळ होतं. दिसायला सफरचंद-नासपतीच्या नात्यातलं, पण कच्चं खाल्लं तर दगडासारखं टणक आणि जीभ आखडेल इतकं तुरट. सावकाश शिजवलं की मात्र ते गुलाबी होतं, घमघमतं, आणि त्यातल्या भरपूर पेक्टिनमुळे साखरेबरोबर आपोआप घट्ट बसतं. त्याच्या वड्या तिथे शतकानुशतकं होत आल्या. आपल्या हवेत हे झाड रमत नाही, त्याला कडक थंडी लागते. काश्मीरमध्ये ते बमचूंठ म्हणून भाजीत पडतं. आपल्याकडे पोचतं ते फक्त त्याचं बी, काष्ठौषधींच्या दुकानातला बेहदाणा, खोकल्यासाठी भिजवून घ्यायचा. पोर्तुगीज गोव्यात आले, तिथे क्विन्स नव्हतं, पेरू होता. पेक्टिन यातही, सुगंध यालाही. त्यातून पेराद, म्हणजे पेरूची वडी झाली, आणि नाताळच्या ताटात ती नेवऱ्या-दोदोलच्या शेजारी आजही असते.

म्हणजे कृती तयार आहे, फळ तयार आहे, फक्त सवय नाही.

सवय लावायची तर जेलीपासून सुरुवात करावी, कारण तिच्यात मेहनत कमी आणि वाट बघणं जास्त आहे. झाडाखाली पडलेले अतिपक्व पेरू यासाठी कामाचे नाहीत. फळ फार पिकलं की पेक्टिनचं विघटन होतं आणि पाक कितीही आटवला तरी बसत नाही. थोडे अर्धकच्चे, थोडे नुकते पिकलेले असे मिसळून घ्यावेत. सालीसकट फोडी करून, त्या बुडतील इतक्या पाण्यात अर्धा तास शिजवाव्यात आणि स्वच्छ फडक्यात बांधून रात्रभर टांगाव्यात. फडकं पिळायचं नाही. इथे भल्याभल्यांचा धीर सुटतो. पिळलं की रस गढूळ होतो आणि जेलीची काचेसारखी पारदर्शकता जाते. एक वाटी रसाला पाऊण वाटी साखर, थोडा लिंबाचा रस आणि मोठी आच.

आता पुस्तकात लिहिलेलं असतं की १०५ अंश सेल्सियसला जेली उतरवा. तो आकडा समुद्रसपाटीचा. पुणे-पिंपरीची उंची साधारण ५६० मीटर, इथे पाणीच ९८ अंशांच्या आसपास उकळतं. त्यामुळे १०५ची वाट बघत बसलं तर चिक्कीच्या वाटेवर जाईल. १०३ला आच बंद करावी. थर्मामीटर नसेल तर फ्रीजमधल्या गार बशीवर थेंब टाकून बोटानं सरकवावा, सुरकुती पडली की झालं. फडक्यात उरलेला गाळ टाकायचा नाही. चाळणीतून काढून साखर घालून आटवला, कडा सोडू लागला की तूप लावलेल्या ताटात थापला, की ती पेराद. नारळाची वडी येणाऱ्या घराला हे शिकवायला लागत नाही.

एक खरं सांगायला हवं. ताज्या पेरूत १०० ग्रॅममागे साधारण २०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं, आणि उकळीत त्यातलं बरंच जातं. जेली हे औषध नव्हे, आणि मधुमेह असलेल्या घरात ती चमचाभरच बरी. पण बाजारचा जॅम तरी काय असतो? नियमानुसार बहुतेक फळांच्या जॅममध्ये फळ किमान ४५ टक्के असलं की पुरतं. घरच्या बरणीत काय गेलं, ते निदान आपल्याला माहीत असतं.

फळझाड म्हणून सरसकट काहीही लावा, असंही नाही. कवठाचा मोह अनेकांना होईल. महाशिवरात्रीला त्याची गूळ घालून चटणी होते, बर्फी होते, आणि पेक्टिनही त्यात भरपूर. पण बियांचं कवठ फळायला पंधरा-पंधरा वर्षं घेतं, झाडाला काटे असतात, आणि कवठ पिकलंय का हे पाहायला ते जमिनीवर टाकून बघतात, उसळलं नाही तर पिकलं. हीच परीक्षा झाडानं परस्पर कुणाच्या गाडीच्या काचेवर घेतली, तर पुढची सभा अवघड जाईल. कवठ लावावं ते मोकळ्या कोपऱ्यात, पार्किंगपासून लांब. करवंदाचं मात्र दुरंटाच्या जागी बिनदिक्कत कुंपण करावं. ते सदाहरित आहे, काटेरी आहे, आणि त्याच्या कच्च्या फळांचं लोणचं, पिकल्यावर जेली.

राहिली फळमाशी. तिचा त्रास पावसाळ्यातल्या फळांना जास्त. मृग बहराचे, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला फुलून नोव्हेंबर ते जानेवारीत येणारे पेरू बरेच निर्धोक आणि गोडही असतात. पडलेली फळं रोज उचलणं आणि झाडाला एखादा सापळा टांगणं, एवढं केलं तरी पुष्कळ फरक पडतो. सफाई कामगार सप्तपर्णीची पानं रोज झाडतातच.

वाटणीचा प्रश्न उरतो, आणि तो सगळ्यांत नाजूक. झाड सगळ्यांचं आणि पेरू पहाटे फिरायला येणाऱ्याचे, असं होऊ नये म्हणून फळ एकदम उतरवून क्लबहाऊसच्या स्वयंपाकघरात एकत्र शिजवणं हाच मार्ग दिसतो. वर्षातून एरवी दोन वाढदिवसांपुरता तो ओटा वापरात येतो. बचत गटानं बरण्या विकायचं ठरवलं तर अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. ती आधीच केलेली बरी.

कलमी पेरू दोन-तीन वर्षांत फळ धरतो. कलमं सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनच्या आसपासच्या नर्सरींत मिळतात, आणि लावायचे दिवस पावसाळ्याचे. सहकारी सोसायट्यांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यायची असते. पार्किंगच्या वादाआधी, सभासद ताजेतवाने असताना, पाच पेरूंचा ठराव मांडून टाकावा.